पान्याचं पेटंट ‘सहज सुचण्यासारखं’ आहे का? चार मोफत शोधसेवांची परीक्षा

एखादं हँड टूल नवीन आहे का, हे ठरवणं त्यामानाने सोपं असतं. हुबेहूब तसंच हत्यार एखाद्या जुन्या दस्तऐवजात सापडलं की विषय संपतो. अवघड प्रश्न त्यापुढचा. हुबेहूब काहीच सापडत नाही, पण सुटे भाग मात्र सगळे सापडतात: रॅचेट (एकाच दिशेने फिरू देणारी दातेरी यंत्रणा) एका पेटंटात, वळणारं डोकं दुसऱ्यात, सॉकेट (नटावर बसणारी वाटी) सोडणारं बटण तिसऱ्यात. मग ठरवायचं असतं ते हे, की त्या कामातल्या जाणकार कारागिराला हे भाग असेच जोडणं सहज सुचलं असतं का. भारतात हा प्रश्न पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए) मधल्या ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप’च्या व्याख्येतून येतो, अमेरिकेत कलम १०३ मधून, युरोपीय पेटंट करारात कलम ५६ मधून.

एस्पेसनेट, गूगल पेटंट्स, पेटंटस्कोप आणि इनपास या चार मोफत सेवा इथे फक्त या एका प्रश्नापुरत्या पारखल्या आहेत. नावीन्य तपासायला चारही उपयोगी आहेत. उघडपणा, म्हणजे शोध सहज सुचण्यासारखा होता का, हे तपासताना मात्र त्यांच्यात मोठा फरक पडतो. तो फरक शोधपेटी किती हुशार आहे यावर ठरत नाही. शोधपेटीच्या मागे असलेले पेटंट कार्यालयांतल्या परीक्षकांचे कागद किती सहज हाती लागतात, यावर ठरतो.

परीक्षेसाठी एक ठोस नमुना घेऊ. वळत्या डोक्याचा रॅचेट पाना. डोकं दांड्याला बिजागरीसारख्या पिनेने जोडलेलं आहे; पिन डोक्यात घट्ट बसवलेली असून डोक्याबरोबर फिरते. दांड्यावर एक सरकती कॉलर आहे. ती मागे ओढली की कोनाचं कुलूप सुटतं आणि डोकं हव्या कोनात वळवता येतं. ती पुढे ढकलली की दांड्यातली बारीक सळई पिनेच्या आडव्या भोकातून पुढे जाते आणि सॉकेट धरून ठेवणारी गोळी मोकळी करते. डोकं सरळ असेल तेव्हाच सळई आणि भोक एका रेषेत येतात. डोकं वाकलेलं असताना पिनेचा भरीव भाग सळईची वाट अडवतो, त्यामुळे अडचणीच्या जागी काम करताना सॉकेट चुकून निसटत नाही.

शोध सुरू करण्याआधी या पान्याचे पाच तुकडे कागदावर मांडावेत. पहिला, रॅचेट. दुसरा, कोनात कुलूपबंद होणारं डोकं. तिसरा, सॉकेट झटकन सोडण्याची सोय. चौथा, या दोन्ही कामांना एकच कॉलर. पाचवा, डोकं वाकलेलं असताना सॉकेट सुटू न देणारा इंटरलॉक. पहिले तीन जुने आहेत यात शंकाच नाही. अंगठ्याने बटण दाबून सॉकेट सोडण्याच्या एका पेटंटावर अमेरिकेत ‘रॉबर्ट्स विरुद्ध सिअर्स’ हा खटला वर्षानुवर्षं चालला. ते पेटंट १९६५ मध्ये मिळालं होतं, आणि १९८३ मध्ये सातव्या सर्किट अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने उघडपणाचा मुद्दा नव्याने चालवण्यासाठी परत पाठवला. इतक्या साध्या वाटणाऱ्या बटणाबद्दलही हा निवाडा सोपा गेला नाही, हे सेवांकडून अपेक्षा ठेवताना लक्षात असावं. कोणतीही सेवा ‘उघड’ किंवा ‘उघड नाही’ असं उत्तर देत नाही. निर्णयाला लागणारा पुरावा ती किती चांगला पुरवते, एवढंच पाहायचं.

शोधपेटीतच दडलेला दोष

उघडपणा ठरवताना सगळ्यात मोठी चूक होते ती उत्तर माहीत झाल्यावर मागे वळून पाहण्याची, म्हणजे हाइंडसाइटची. शोधसेवा ही चूक वाढवतात. आपण शोधपेटीत ‘कॉलर, सळई, पिन, सॉकेट रिलीज’ असे शब्द टाकतो, म्हणजे शोध लागल्यानंतरचं उत्तरच टाकतो. सेवा इमानदारीने त्याच उत्तराचे तुकडे गोळा करून आणते, आणि पडद्यावर सगळे तुकडे शेजारी शेजारी दिसले की ‘हे तर कुणीही जोडलं असतं’ असं वाटू लागतं. कारागिरापुढे मात्र लाखो दस्तऐवज होते. त्यातले नेमके हे तीन निवडून ठेवलेले नव्हते.

म्हणून पहिला शोध समस्येचा करावा, उपायाचा नाही. या पान्यासाठी पहिल्या फेरीत कॉलर आणि सळई हे शब्द वर्ज्य. त्याऐवजी सॉकेट अनवधानाने सुटणं, पडणं, अडचणीच्या जागेत हरवणं यांबद्दलचे इंग्रजी शब्द टाकावेत: ‘ॲक्सिडेंटल रिलीज’, ‘इनॲडव्हर्टंट’, ‘अनइंटेंडेड डिसएंगेजमेंट’. (शोधपेटीत हे शब्द आणि पुढे येणारे वर्गीकरणाचे कोड अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचे.) ही समस्या आधी कुणी ओळखली होती का, आणि ओळखली असेल तर कोणत्या दिशेने सोडवली, हे या फेरीतून कळतं. सगळेजण गोळीची स्प्रिंग कडक करून किंवा बटण खोलगट बसवून समस्या सोडवत असतील, तर बिजागरीच्या पिनेकडे कारागिराची नजर आपोआप गेली असती असं म्हणणं कठीण होतं. दुसऱ्या फेरीत उपायाचे शब्द वापरावेत. दोन्ही फेऱ्यांची टिपणं वेगळी ठेवावीत, कारण पुढे युक्तिवाद लिहिताना कोणता दस्तऐवज कोणत्या वाटेने सापडला याला महत्त्व येतं.

एस्पेसनेट

युरोपीय पेटंट कार्यालयाची ही सेवा हँड टूलसाठी सुरुवातीला वापरावी, आणि त्याचं कारण वर्गीकरण. १५ कोटींहून अधिक दस्तऐवज तिथे आहेत, पण जुन्या दस्तऐवजांपैकी अनेकांचा मजकूर शोधता येण्यासारख्या स्वरूपात नाही. फक्त ग्रंथसूचीतली माहिती आणि पानांची चित्रं आहेत. शब्दाने शोधलं तर ते सापडतच नाहीत. पान्यांचं, पकडींचं, हातोड्यांचं जुनं ज्ञान बरंचसं अशाच कागदांत आहे. ‘शब्दाने काही मिळालं नाही, म्हणजे मोकळं रान’ हा निष्कर्ष इथे सर्रास चुकतो.

युरोपीय आणि अमेरिकी कार्यालयांनी मिळून २०१३ पासून चालवलेल्या सीपीसी वर्गीकरणात पाने, स्क्रू ड्रायव्हर, पकडी बी२५बी मध्ये येतात. आपल्या नमुन्यासाठी बी२५बी १३/४६ हा रॅचेट पान्यांचा गट, बी२५बी २३/००२८ हा डोकं आणि दांडा यांच्यातला कोन बदलण्याचा गट आणि बी२५बी २३/००३५ हा सॉकेट किंवा बिट हत्याराला जोडण्याचा गट. कोडाच्या शेवटी तिरकी रेघ आणि ‘लो’ हा शब्द लावला की त्याखालचे उपगटही शोधात येतात. हे विसरलं तर १३/४६ खालचे, दातेरी चाक आणि खिटी यांच्या रचनेनुसार पाडलेले उपगट निसटतात. दोन गट ‘अँड’ने जोडले की ज्या दस्तऐवजांना परीक्षकाने दोन्ही खुणा दिल्या आहेत ते समोर येतात. उघडपणासाठी ही यादी सर्वांत मोलाची, कारण त्यात दोन वैशिष्ट्यं एकत्र आणण्याचा विचार आधीच कुणीतरी केलेला असतो.

यानंतर निकालांची मांडणी बदलून फक्त आकृत्या दिसतील अशी करावी. यंत्रभागांच्या शोधात आकृती चाळणं हे मजकूर वाचण्यापेक्षा कितीतरी वेगवान आहे. बिजागरीतून आरपार जाणारी सळई छेदचित्रात एका नजरेत ओळखता येते. तिला शब्दांत ‘रॉड’, ‘प्लंजर’, ‘ॲक्च्युएटर’, ‘पुश पिन’, ‘शाफ्ट’ यांपैकी काहीही म्हटलेलं असू शकतं. मात्र छोट्या चित्रात बहुधा पहिली आकृतीच दिसते, आणि पहिली आकृती बाहेरून काढलेली असते. छेद पाहायचा तर मूळ दस्तऐवज उघडावाच लागतो. इथे घाई केली की शोध फसतो.

पाचव्या तुकड्यासाठी, म्हणजे इंटरलॉकसाठी, बी२५बी सोडून बाहेर जावं लागतं. एक भाग ठरावीक जागी असल्याशिवाय दुसरा हलू नये, ही कल्पना नियंत्रण यंत्रणांच्या जी०५जी ५/०८ या गटात आहे, गाड्यांच्या गिअरमध्ये आहे, कुलपांच्या ई०५बी वर्गात आहे. कायद्याचा प्रश्न असा की पाने बनवणारा कारागीर तिकडे पाहील का. अमेरिकेत दोनपैकी एक अट पुरते: दस्तऐवज त्याच क्षेत्रातला असावा, किंवा शोधकाच्या समस्येशी वाजवी संबंध असलेला असावा. ‘इन रे बिजिओ’ या २००४ च्या निकालात केसांच्या ब्रशच्या अर्जाविरुद्ध दात घासण्याचा ब्रश त्याच क्षेत्रातला धरला गेला. तेव्हा परक्या वर्गातलं इंटरलॉक सापडलं की ‘हे पान्याचं नाही’ म्हणून बाजूला टाकू नये. वेगळ्या रकान्यात नोंदवावं आणि त्या दस्तऐवजात समस्या कोणत्या शब्दांत मांडली आहे ते उतरवून घ्यावं. रॅचेटची यंत्रणा तर फ्रीव्हीलच्या एफ१६डी ४१/१२ मध्येही आहे, आणि तिथली सांगड कारागिराला परकी नाही.

एस्पेसनेटची अडचण म्हणजे तिची प्रगत शोधभाषा. एकाच वाक्यात किंवा ठरावीक शब्दांच्या अंतरात दोन शब्द शोधता येतात, पण त्यासाठी लिहायची सूत्रं लांब आणि किचकट आहेत. एक कंस चुकला की भलतेच निकाल येतात. शिकायला वेळ द्यावा लागतो. हँड टूलच्या क्षेत्रात नियमित काम असेल तर तो वसूल होतो.

चीन, जपान, तैवान आणि जर्मनीची युटिलिटी मॉडेल्स (छोट्या शोधांसाठीचा पेटंटासारखा हलका हक्क) इथे मोठ्या संख्येने मिळतात, हाही मोठा फायदा. हँड टूलमधल्या छोट्या सुधारणा अनेकदा पेटंटाऐवजी युटिलिटी मॉडेल म्हणून नोंदवल्या जातात. चीनमध्ये त्यांची पूर्ण तपासणी न होताच नोंदणी होते, तरीही प्रकाशित झालेला कागद म्हणून त्यांचं वजन पूर्ण असतं. यांत्रिक भाषांतर वाचताना ‘खिटी’, ‘दाता’, ‘अडसर’ यांची गल्लत होते, म्हणून भाषांतराच्या वाक्यावर विसंबून कोणताही भाग सापडला असं लिहू नये. आकृतीतल्या क्रमांकाशी ताडून पाहावं.

गूगल पेटंट्स

वेगात ही सेवा सगळ्यांच्या पुढे आहे. शब्दांमधलं अंतर सांगणारी ‘निअर’ आणि ‘ॲडजेसंट’ची सूत्रं लिहायला सोपी आहेत, सीपीसी कोड चालतात, आणि पानाच्या तळाशी त्या पेटंटाने उद्धृत केलेले आणि त्याला उद्धृत करणारे दस्तऐवज रांगेने मिळतात. समस्येच्या शब्दांनी करायची पहिली फेरी इथेच करावी. वर्णनाच्या मजकुरात ‘सॉकेट पडतं’ अशा तक्रारी असतात, आणि त्या शोधायला इतकं सोयीचं दुसरं ठिकाण नाही.

मागे आणि पुढे जाणारी उद्धरणं वापरण्याची पद्धत अशी: आपल्या पान्याला सर्वांत जवळचा एक दस्तऐवज निवडावा, त्याने उद्धृत केलेल्यांवर एक पायरी मागे जावं, मग त्यांतल्या प्रत्येकाला कोणी उद्धृत केलं ते पाहावं. या आडव्या चालीत शब्दांनी न सापडलेले शेजारी सापडतात. ‘सिमिलर डॉक्युमेंट्स’ ही यादी मात्र वाट दाखवणारी म्हणून वापरावी, पुरावा म्हणून नाही. ती मजकुराच्या साधर्म्यावर उभी असते, आणि दोन पान्यांचा मजकूर सारखा असला तरी यंत्रणा अगदी वेगळी असू शकते.

जुन्या अमेरिकी पेटंटांचा मजकूर चित्रावरून यंत्राने वाचलेला आहे. १९७६ च्या आधीच्या कागदांत अक्षरं बिघडलेली असतात, स्तंभ एकमेकांत मिसळतात, ‘पॉल’चं (खिटीचं) भलतंच काही होतं. रॅचेटची मूळ कल्पना याच काळातली असल्यामुळे ही उणीव इथे चांगलीच जाणवते. तसंच पेटंट चालू आहे की संपलं, याबद्दलची नोंद हा केवळ अंदाज आहे असं सेवा स्वतःच सांगते. उघडपणासाठी ते बिनमहत्त्वाचं. संपलेलं पेटंटही ज्ञान म्हणून तितकंच जिवंत असतं.

तारखेची गाळणी लावताना फार चुका होतात. गूगलमध्ये प्राधान्य (त्या शोधाचा पहिला अर्ज कधी दाखल झाला), दाखल आणि प्रकाशन या तीन वेगवेगळ्या तारखांनी गाळता येतं. आपल्या प्राधान्य तारखेआधी दाखल झालेला, पण नंतर प्रकाशित झालेला अर्ज युरोपात फक्त नावीन्याविरुद्ध वापरता येतो, उघडपणाविरुद्ध नाही. अमेरिकेत तो उघडपणाविरुद्धही वापरता येतो. म्हणजे युरोपासाठी यादी करताना प्रकाशनाच्या तारखेवर गाळावं, अमेरिकेसाठी दोन्ही तारखांच्या याद्या कराव्यात. एकच गाळणी लावून दोन्हीकडचं मत दिलं, तर एकीकडे ते नक्की चुकतं.

खरा पुरावा कुठे असतो

आता मूळ मुद्दा. भाग सापडले, ते जोडण्याचं कारण कुठून आणायचं? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ‘केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स’मध्ये, गाडीचं मागेपुढे होणारं पेडल आणि इलेक्ट्रॉनिक सेन्सर यांच्या जोडणीबद्दल, सांगितलं की जोडण्याची सूचना एखाद्या दस्तऐवजात लेखीच हवी असा हट्ट नको, ओळखीचे भाग आपापलं ठरलेलं काम करत अपेक्षित परिणाम देत असतील, तर ती जोडणी बहुधा उघडच. पण कारण स्पष्ट मांडावंच लागतं. युरोपात प्रश्न आणखी टोकदार असतो: कारागिराला हे जोडता ‘आलं असतं’ का, हे पुरेसं नाही, समोरची समस्या सोडवताना त्याने ते जोडलं ‘असतंच’ का?

अशी कारणं परीक्षकांनी प्रत्यक्षात कशी मांडली, हे वाचण्यासारखा दुसरा अभ्यास नाही, आणि ते मोफत उपलब्ध आहे. एस्पेसनेटवर दस्तऐवज उघडला की ग्लोबल डॉसिएचा दुवा असतो. युरोप, अमेरिका, जपान, कोरिया आणि चीन या पाच कार्यालयांतल्या त्याच कुटुंबातल्या, म्हणजे त्याच शोधासाठी केलेल्या अर्जांची फाईल तिथून उघडते. परीक्षकाचे आक्षेप, अर्जदाराची उत्तरं, बदललेले क्लेम (नेमका कशावर हक्क मागितला ते सांगणारी वाक्यं), सगळं. आपल्या पान्याच्या शेजारच्या चार-पाच पेटंटांच्या फाईली वाचल्या की या क्षेत्रात कोणते भाग कोणत्या कारणाने जोडले जातात, आणि कोणत्या उत्तरापुढे परीक्षक माघार घेतो, याचा अंदाज येतो. गूगल पेटंट्सवर हे कागद थेट नाहीत. तिथून दुसऱ्या सेवेकडे जावं लागतं. याच कारणासाठी या परीक्षेत एस्पेसनेट वरचढ ठरते.

घाईत असाल तर निदान शोध अहवाल तरी पाहा. युरोपीय आणि आंतरराष्ट्रीय अर्जांच्या ए१ प्रकाशनाच्या शेवटी तो जोडलेला असतो. त्यात प्रत्येक दस्तऐवजापुढे एक अक्षर असतं. ‘एक्स’ म्हणजे एकटाच नावीन्याला किंवा इन्व्हेंटिव्ह स्टेपला धक्का देणारा. ‘ए’ म्हणजे नुसती पार्श्वभूमी. आपल्या कामाचं अक्षर ‘वाय’: हा दस्तऐवज दुसऱ्या अशाच दस्तऐवजाशी जोडला, आणि ती जोडणी जाणकाराला उघड असेल, तर इन्व्हेंटिव्ह स्टेप उरत नाही. ‘वाय’ची खूण असलेली जोडी शोधून ती कोणत्या क्लेमविरुद्ध वापरली ते पाहिलं, की जोडणीचा तयार नमुना हाती येतो.

पेटंटस्कोप

जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची ही सेवा दोन कामांसाठी वापरावी. एक, एका भाषेतला शब्द इतर भाषांत विस्तारून शोधण्याची सोय. जर्मन, जपानी, चिनी कागदांत शिरायला ती चांगली आहे, जरी निकालांत कचरा बराच येतो. दुसरं, पीसीटी म्हणजे आंतरराष्ट्रीय अर्जाच्या ‘डॉक्युमेंट्स’ विभागातलं लेखी मत. त्यातल्या पाचव्या चौकटीत नावीन्य आणि इन्व्हेंटिव्ह स्टेप यांवर क्लेमनिहाय होकार-नकार आणि त्यामागची कारणं असतात. बाकी आकृत्या चाळण्यासाठी ती एस्पेसनेटइतकी हाताला सोपी नाही.

इनपास

भारतात अर्ज करणाऱ्याला इनपास, म्हणजे भारतीय पेटंट कार्यालयाची शोधसेवा, टाळता येत नाही. शोध म्हणून ती चौघींत सर्वांत दुबळी आहे. वर्गीकरण आयपीसीचं (आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणाचं) आहे, सीपीसीइतकं बारीक नाही. पूर्ण तपशिलातला शोध चित्रावरून वाचलेल्या मजकुरावर चालत असल्याने नेमका शब्द निसटू शकतो. कॅप्चा वारंवार भरावा लागतो आणि थोडा वेळ थांबलं की सत्र तुटतं. म्हणून आयपीसी कोड आणि एकच शब्द असा मोठ्या जाळीचा शोध करावा आणि निकाल हाताने चाळावेत.

पण इनपासवर अर्जाची स्थिती उघडून कागदपत्रं पाहिली, की पहिला परीक्षण अहवाल, त्याचं उत्तर आणि निर्णय वाचता येतो. भारत ग्लोबल डॉसिएच्या पाच कार्यालयांत नसल्याने भारतीय परीक्षकांचा विचार इथेच कळतो. हँड टूलच्या अहवालांत कलम ३(एफ) विशेष लक्षपूर्वक वाचावं. ओळखीची साधनं नुसती शेजारी मांडली, आणि प्रत्येक आपलं जुनं काम स्वतंत्रपणे करत राहिलं, तर ते कलम त्याला शोधच मानत नाही. आपल्या पान्याचे पहिले तीन तुकडे एवढेच क्लेममध्ये असते, तर ते याच कलमात अडकले असते.

चौथा तुकडा, दोन कामांना एक कॉलर, याला भारतात ‘बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज’ हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आडवा येतो. लेथवर भांडी पकडून घासण्या-कातण्याच्या साधनाचं ते पेटंट होतं. जुनीच यंत्रणा थोड्या फरकाने लावली, आणि ती सुधारणा कारागिराच्या नेहमीच्या कुवतीतली आहे, म्हणजे वर्कशॉपमधली सुधारणा आहे, म्हणून ते टिकलं नाही. अमेरिकेत १९६६ च्या ‘ग्रॅहम विरुद्ध जॉन डिअर’मध्येही नांगराच्या दांडीची जागा बिजागर-पट्टीच्या वरून खाली आणणं पुरेसं ठरलं नाही. दोन बटणांचं एक करणं हे त्याच जातीचं आहे. सोयीचं आहे, पण त्यावर एकट्यावर अर्ज उभा करू नये.

पाचव्या तुकड्याची गोष्ट वेगळी. इथे बिजागरीची पिन फक्त डोकं वळवत नाही, ती सॉकेट सुटण्यावरही ताबा ठेवते. दोन भाग एकमेकांच्या कामात शिरतात, आणि त्यातून सुट्या भागांत नसलेला परिणाम निघतो. तो परिणाम तपशिलात मोजून लिहावा. पिन ८ मिमी व्यासाची आणि सळईपेक्षा भोक ०.२ मिमी मोठं असेल, तर भोकाच्या तोंडाशी सळई सुमारे दीड अंशाच्या पुढे अडते. भोकाची कड जास्त कातली तर हा कोन वाढतो आणि इंटरलॉक ढिला पडतो. अशी आकडेमोड अर्जात असली तर इन्व्हेंटिव्ह स्टेपच्या भारतीय व्याख्येतला ‘तांत्रिक प्रगती’ हा शब्द पोकळ राहत नाही. दाखल केल्यानंतर ती घालता येत नाही.

विरोधी बाजूने विचार करतानाही हीच जागा धरावी. जवळच्या जुन्या पान्यात रिलीजची सळई बिजागरीला वळसा घालून जात असेल, तर ती पिनेतून नेण्यासाठी पिन डोक्यात घट्ट बसवावी लागेल. जुन्या रचनेत पिन दांड्यात घट्ट आणि डोकं तिच्याभोवती फिरणारं असेल, तर भोक कायम दांड्याच्या रेषेत राहतं आणि इंटरलॉक होतच नाही. मग कारागिराने आधी पिनेची बैठक उलटी केली असती, असं सिद्ध करावं लागेल आणि तसं करण्याचं वेगळं कारण दाखवावं लागेल. उलट, पिन आधीपासूनच डोक्यात घट्ट असलेला आणि सळई तिच्याजवळून जाणारा एखादा दस्तऐवज सापडला, शिवाय दुसऱ्याने सॉकेट निसटण्याची तक्रार नोंदवलेली असली, तर या क्लेमची बाजू बरीच कमकुवत होते.

चौघींनाही न दिसणारं

हँड टूलचं पुष्कळ ज्ञान पेटंटांत नाहीच. ते कॅटलॉगांत, प्रदर्शनांत, दुकानाच्या फळीवर आणि वर्कशॉपच्या भिंतीवर आहे. भारतीय कायद्यात उघडपणा ठरवताना प्राधान्य तारखेआधी भारतात झालेला वापरही मोजला जातो, आणि तो या चारपैकी कोणत्याही सेवेत दिसत नाही. गूगल पेटंट्समध्ये पेटंटेतर साहित्य जोडता येतं, पण ते प्रामुख्याने शोधनिबंध असतात. पान्याच्या कॅटलॉगसाठी त्याचा उपयोग नाही.

जुन्या अमेरिकी हत्यारांसाठी ‘डाटॅम्प’ ही स्वयंसेवकांनी चालवलेली पेटंटसूची जरूर पाहावी. हत्याराच्या प्रकारानुसार लावलेली असल्याने, मजकूर नसलेली जुनी पेटंटं तिथे पटकन सापडतात. ‘अलॉय आर्टिफॅक्ट्स’ या संकेतस्थळावर जुन्या पान्यांची छायाचित्रं आणि निर्मात्यांचा इतिहास आहे. पेटंट न घेतलेल्या रचना तिथे दिसतात. कॅटलॉगसाठी इंटरनेट आर्काइव्हमधली स्कॅन केलेली प्रकाशनं आणि त्याच संस्थेच्या वेबॅक मशीनवरची उत्पादनांची जुनी पानं तपासावीत.

कॅटलॉग सापडला की फक्त पान जतन करून भागत नाही. तारीख दाखवणारं मुखपृष्ठ किंवा छपाईची नोंद, त्या पानावरचा उत्पादन क्रमांक आणि शक्य असेल तर प्रत्यक्ष हत्यार, तिन्ही मिळवावीत. कॅटलॉगमधल्या चित्रात बाहेरची कॉलर दिसते, आतली पिन दिसत नाही. हत्यार कापून छेद दाखवल्याशिवाय त्या चित्रावरून इंटरलॉक जुना होता असं म्हणता येत नाही.